कुसुमची शाल

बेहाला, मंगळवार, डिसेंबर १९५२

इथली झुडपं तोडून हा गोठा आम्ही दोघांनी उभा केला. गौरी गाय तर माझ्याच हातची. टायफॉइडने मी अंथरुणाला खिळले आणि दूध काढायचं काम अकरा वर्षांच्या कुसुमकडे गेलं. आज बऱ्याच दिवसांनी मी बसले, तर गौरी पान्हावेना. हे म्हणाले, "कुसुमची शाल पांघर, वासाने फसेल."

पांघरली. गौरीने शाल हुंगली आणि लगेच धार सुटली.

पोटच्या पोरीचा हेवा करतेय मी? करतेय.

संध्याकाळी कुसुम म्हणाली, "आई, तू दमतेस. उद्यापासून मीच काढते. माझी शाल कुठंय?"

दोरीवर ओली आहे. दोनदा साबण लावून धुतली मी.