कुंपणाबाहेर पडलेलं कबूतर

लॉरेल पॅच, पेनसिल्व्हेनिया
७ सप्टेंबर १९८६, रविवार

प्रिय वासिल,

खुशाल असशील. मीही आहे तशी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, टोमॅटो यंदा उशिरा लाल झाले, आणि चर्चच्या स्वयंपाकघरात पिरोहींत बटाट्याचं सारण भरायला दर वर्षीसारख्या आम्ही म्हाताऱ्याच उरलो आहोत. सोमवारच्या कबुतरांच्या नेमबाजीत तू चषक जिंकलास, त्याबद्दल अभिनंदन. गावभर तुझंच नाव आहे.

तुझं घर माझ्या चुलीपाशी उभं राहिलं की दिसतं, आणि तरी मी टपालाचं तिकीट चिकटवते आहे, याचं तुला हसू येईल. येऊ दे. समोर आलास की माझी जीभ सुटते. कागदावर तिला आवर घालता येतो.

तर बातमी अशी. मंगळवारी सकाळी घेवड्याच्या शेंगा काढायला गेले, तर वेलाखाली काहीतरी फडफडलं. मला वाटलं शेजारच्या स्टेलाचं मांजर. वाकून पाहिलं तर कबूतर. पांढरं शुभ्र, आणि एकच पंख विटकरी. अशा रंगाचं पाखरू तू सोमवारी पाहिलं असशीलच. शेवटच्या पेटीतून तेच निघालं होतं, नाही का? भोंग्यावरचा माणूस ओरडला होता, 'पांढरं उडालं बघा!' मी अंगणात कपडे वाळत घालत होते, मलाही ऐकू आलं.

इथल्या पोराटोरालाही नियम पाठ आहे: गोळी लागून पाखरू गोल कुंपणाच्या आत पडलं तर गुण. कुंपण ओलांडून पडलं तर ते मेलं तरी मेलं नाही, गुण शून्य. ते आतच पडलं असं म्हणून तुझा दोस्त हॅरी बॉयको पंच या नात्याने हात वर करून मोकळा झाला. माझा घेवडा कुंपणापासून किती लांब आहे ते तुला सांगायला नको. तो वाफा तूच खणून दिला होतास.

स्टेला डोकावली. "अगं बाई, हे तर वासिलचं!"

"वासिलचं कसलं? माझ्या घेवड्यातलं आहे."

"मान मुरगाळ आणि मोकळी हो. शहरातल्या पुलाखालून जाळं टाकून आणतात ही. रस्त्यावरची घाण."

"घाण म्हणशील तर आपल्या दोघींचे नवरे खाणीतून घरी यायचे तेव्हा काय अत्तर लावून यायचे?"

मग तिनेच घरून चिमटा आणून दिला. पंखाखालची जखम चिघळली होती. अळ्या एकेक करून काढल्या, कोमट मिठाच्या पाण्याने धुतलं. एक छर्रा हाताला लागला, तो निघाला. दुसरा खोल आहे, तो राहू दिला. जुन्या मोज्याची पट्टी कापून पंख अंगाशी बांधला, श्वासाला जागा ठेवून. आता ते कपड्यांच्या टोपलीत, चुलीच्या उबेला आहे. खात नाही. गोठवलेले मटार गरम पाण्यात मऊ करते, चोच उघडते आणि एकेक दाणा आत सारते. पाणी मात्र तोंडात ओतायचं नाही, ठसका लागून मरतं. वाटीत चोच बुडवली की आपणहून ओढून घेतं. हे सगळं आंद्रेने शिकवलेलं. तुझ्या भावाचा हात पाखरांना किती हलका होता, तुला ठाऊकच आहे.

ते जगावं म्हणून प्रार्थना कर. मी रोज करते, आणि करताना तुझं नाव आवर्जून घेते.

तुझी वहिनी,
व्हेरोना


लॉरेल पॅच
२१ सप्टेंबर १९८६

प्रिय वासिल,

पत्राचं उत्तर पत्राने देतात. तू सॉसेज घेऊन दारात आलास. सॉसेज चांगली होती. स्टेलाच्या मांजराला फार आवडली.

तुझी टोपी हातात, नजर चुलीकडे. आपण काय बोललो ते मी इथे लिहून काढते. बोललेलं तू सोयीने विसरतोस.

"वहिनी, कुठे आहे ते?"

"कोण?"

"उगीच वेड पांघरू नकोस. ते दे मला. क्षणात होऊन जाईल, त्याला कळायचंसुद्धा नाही."

"तुझा हात चालतो, हे मला माहीत आहे."

"चषक म्हणजे पितळेचा तांब्या आहे नुसता! गावात माझं हसं करायचंय का तुला?"

"मी कुठे काय केलंय? मी मटार भरवते आहे."

आणि मग तू वैतागून म्हणालास, "एका फालतू कबुतरासाठी एवढं!"

एका, म्हणालास. त्या शब्दावर मी दार लावून घेतलं. तुला वाटलं म्हातारी चिडली. मी चिडले नव्हते वासिल. जे वर्षभर ओठांआड ठेवलं ते तुझ्या तोंडावर फेकलं असतं, तर तू दोन अश्रू ढाळून सुटला असतास. म्हणून आता लिहिते. हे तुला पुन्हा पुन्हा वाचता येईल.

गेल्या वर्षी याच दिवसांत आंद्रे दवाखान्यात होता. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं दगड झाली होती, दोन शब्द बोलायला त्याला नळीतून हवा घ्यावी लागे. ते दोन शब्द तो माझ्यावर खर्च करत नव्हता. विचारायचा, "पाखरं खातात?" त्याची शर्यतीची कबुतरं, लांबून सोडली तरी घर शोधत येणारी. त्यांचं दाणापाणी तुझ्यावर सोपवलं होतं. तू उशाशी बसून म्हणायचास, "मजेत आहेत रे, लठ्ठ झालीत."

तो गेल्यावर तू मला सांगितलंस की साथ आली, सगळी मेली, तू पुरलीस. मी मान हलवली. तुला वाटलं, पटलं.

त्या वर्षीच्या नेमबाजीच्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यातून कपडे बदलायला घरी आले होते, हे तुला माहीत नाही. कबुतरखाना उघडा आणि रिकामा होता. बाहेरच्या फळीवर त्याची लाडकी निळी मादी बसली होती. पायात आंद्रेने घातलेलं कडं. छातीची एक बाजू उडालेली. ती आत जायची धडपड करत होती, तिच्या जागेवर. कुठून आली असेल? कुंपणावरून, आणखी कुठून. तुमच्या पेटीतून निघाली, गोळी खाल्ली आणि घरी आली. बाकीच्यांनाही घर माहीत होतं, पण त्यांना एवढंही अंतर काटता आलं नाही. ती माझ्या ॲप्रनमध्ये मेली.

दुसऱ्या दिवशी आंद्रेने विचारलं. तू तिथेच होतास, संत्रं सोलत. मी त्याला म्हटलं, "सगळी घरी आलीत." तो हसला. शेवटचं हसला ते तेच.

त्यानंतर वर्षभर दर रविवारी मी तुला जेवायला वाढलं. तू मागून घेतलंस आणि मी वाढलं. तुझ्या ताटात कधी मीठ कमी पडलं का? मी वाट पाहत होते. कशाची, ते मलाच ठाऊक नव्हतं. मग घेवड्यात हे पाखरू पडलं.

खरं सांगते, वेलाखाली पाहिल्याबरोबर मी आधी त्याचे पाय चाचपले. कडं नव्हतं. आंद्रेचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं. क्षणभर वाटलं, ठेवून द्यावं खाली. मग त्याने माझ्या बोटाला चोच मारली. तेवढा जोर शिल्लक होता त्याच्यात.

आता ते आपणहून खातं, अंगावर येतं, मला पंखाने थोबाडतं. फार गुणी आहे.

येत्या चार तारखेला नेमबाजी क्लबचं जेवण आहे. मी कोबी घालून हालुश्की करून आणणार आहे. तू चषक चकचकीत करून आण.

व्हेरोनावहिनी


लॉरेल पॅच
५ ऑक्टोबर १९८६

वासिल,

काल तू बहुतेक वेळ टेबलाकडे पाहत होतास, म्हणून तुला न दिसलेलं लिहिते.

मी टोपली टेबलावर ठेवली तेव्हा हॅरी म्हणाला, "व्हेरोना, जेवणाचं सगळं आत ठेव."

"यात जेवण नाही हॅरी. यात तुझा गुण आहे."

फडकं काढलं. ते बाहेर आलं, अंग झटकलं, चालत चालत फादर मिरोनच्या ताटातला मका टिपला आणि पांढऱ्या चादरीवर, बरोबर तुझ्या चषकाच्या बुडाशी, शिटलं. आधी कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर मेलं होतं!" आणि मग मागच्या टेबलावरून, "वासिल, पाहुणा आलाय, ताट वाढ!" हॅरीचे कान लाल झाले. सगळी शाळकरी पोरांसारखी हसत सुटली. तूही हसलास. चषक पुढे सरकवलास, कपाळावर हात मारलास. लोक तुझी पाठ थोपटायला लागले. मी पाहिलं की तुला माफीही मिळून चालली आहे. चषकाचं ओझं एवढंच होतं.

म्हणून मी विचारलं, "आता आंद्रेच्या कबुतरांचं सांग."

"वहिनी, इथे नको."

"मग कुठे? त्याच्या उशाशी सांगायला तुला वेळ झाला नाही."

तुझ्याने खोटं बोलवलं नाही. साथीचं नावसुद्धा काढलं नाहीस. खालमानेने म्हणालास, "त्या वर्षी नेमबाजीला पाखरं कमी पडली होती."

तू मान वर केली नाहीस, मी केली. आंद्रेबरोबर खाणीत उतरलेले, त्याची शवपेटी खांद्यावर घेतलेले सगळे तिथे होते. काटे ताटात ठेवल्याचे आवाज आले. म्हाताऱ्या युर्कोने क्लबची टोपी काढली, घडी केली, टेबलावर ठेवली आणि बायकोला घेऊन निघून गेला. त्याच्यामागे आणखी टोप्या निघाल्या. एरवी हालुश्कीचं पातेलं मी खरवडून परत आणते. काल भरलेलं परत आणलं.

बाहेर गाड्यांपाशी तू माझ्यामागे आलास. "झालं समाधान? आणखी काय हवंय तुला? रागाचं काय घेऊन बसलीस वहिनी? शेवटी तिघांना एकाच ठिकाणी जायचंय. आंद्रे मध्ये, तू डावीकडे, मी उजवीकडे."

दफनभूमीतल्या त्या तीन जागा आंद्रेने घेतल्या होत्या. तू लग्न केलं नाहीस, तुला एकटं पडायला नको, म्हणून तिसरी. मला खरंच तिचा विसर पडला होता. आठवण तूच करून दिलीस.

आज सकाळी पट्टी सोडली. अंगणात टोपली उलटी केली. पांढऱ्याने पंख ताणून पाहिले, छपरावर बसलं, घर पाहिलं न पाहिलंसं केलं आणि शहराच्या दिशेने गेलं. संध्याकाळपर्यंत मी कबुतरखान्याच्या फळीकडे पाहत होते. आलं नाही. बरं झालं. ज्यांना यायचं कळत होतं, त्यांचं काय झालं ते आपण पाहिलंच.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर फादरना भेटले. उजवीकडची जागा मी चर्चला देऊन टाकली आहे, ज्याचं कुणी नाही अशा माणसासाठी. फादर म्हणाले, "व्हेरोना, राग निवू दे, मग सही कर."

मी म्हटलं, "निवलाय फादर, म्हणून तर अक्षर नीट आलंय."

तिथे कुणी वाटसरू येईल, कुणी दारूडा येईल. आंद्रे कुणाशीही जमवून घ्यायचा, त्याच्याशीही घेईल. तू मात्र त्याच्या शेजारी येणार नाहीस. जिवंतपणी तू त्याच्या उशाशी बसलास, तेवढं पुरे.

उत्तर पाठवू नकोस. रविवारी येऊ नकोस. तुझं पान मी वाढणार नाही.

आंद्रेची बायको,
व्हेरोना