पंगतीच्या इतिहासातला कडूकांदा

आये, त्या लोकांनी पुस्तकात तुझ्यावर तीन ओळी लिहिल्या आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. शाळेत पोरांवर उगाच खेकसले, घरी येऊन कुकर लावला तो पाणी न घालताच. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. तुला काही सांगायचं राहिलंय असं इतक्या वर्षांत म्हटलं नव्हतं, आता म्हणावं लागतंय.

जव्हारच्या आपल्या विज्ञान मंडळाच्या पंगतीचा इतिहास छापतायत. मंडळाचा नव्हे, पंगतीचा. पस्तीस वर्षांत तिथे कसली कसली व्याख्यानं झाली ते एकालाही धड सांगता येणार नाही, पण व्याख्यानानंतर काय जेवलो ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुस्तकाची छपाईआधीची प्रत सचिवांनी माझ्याकडे तपासायला पाठवली, का तर मी मुख्याध्यापिका आणि माझं शुद्धलेखन चांगलं. पहिल्या प्रकरणात पंगतीचा जन्म सांगितलाय. वावरकडच्या पाड्यांत भुकेने पोरं दगावली, त्यानंतर गाड्या भरभरून माणसं इकडे येऊ लागली, इथले लोक काय खातात ते लिहून न्यायला. ते बघून आपल्या डॉक्टरांना, वनखात्याच्या साहेबांना आणि कॉलेजच्या सरांना वाटलं की हा अभ्यास आपणच करावा. अभ्यास कसा करायचा, तर खाऊन. महिन्याच्या पहिल्या रविवारी वसतिगृहाच्या जेवणघरात जमायचं, तासभर व्याख्यान ऐकायचं आणि मग पळसाच्या पत्रावळींवर रानातलं जेवायचं. पुस्तकात लिहिलंय की ‘पंगतीला वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची सोय झाली’. सोय झाली म्हणजे तू होतीस. आठवडाभर शंभर पोरींचं रांधून झालं की रविवारी सुट्टी म्हणून तुला या वीस जणांचं रांधायचं असायचं.

नियम आठवतात ना तुला? वाढून झाल्यावर कुणी घास घ्यायचा नाही. आधी एकेका भाजीचं शास्त्रीय नाव आणि कुळ सांगायचं, चुकेल त्याने उठून सगळ्यांना वाढायचं. शेवळं, लोत, करटोली, भारंगी, एकेकीचं नाव घेत ते बसायचे आणि नागलीच्या भाकऱ्या थंड व्हायच्या. तू दाराच्या आड पदराला हात पुसत उभी राहून म्हणायचीस, ‘यांची पूजा झाली का सांग, मंग मी कालवन परत तापवते.’ पंगतीत सगळे सारखे, म्हणून कुणाचे आभार मानायचे नाहीत, असाही एक नियम होता. तो त्यांनी पुस्तकात मोठ्या कौतुकाने छापलाय. या सारखेपणात तू कधी पत्रावळीवर बसलेली मला आठवत नाही. तू चुलीपाशी जेवायचीस, उरेल ते. पुस्तकात अकरा फोटो आहेत. एकात तुझा हात आहे, कोपरापर्यंत, पळी धरलेला. त्या हिरव्या बांगड्या मी ओळखल्या. खाली लिहिलंय, ‘पंगत रंगात आलेली असताना’.

आणि ज्या पदार्थावर पंगतीचं नाव झालं, तो कडूकांदा, रानातला कडू कंद. पुण्याहून पाहुणे यायचे तो खायला. तसाच खाल्ला तर घसा जळतो, आतडी पिळवटतात, हे आपल्याकडे रांगणाऱ्या पोराला ठाऊक असतं. तो तू जव्हारात कधी केलाच नाहीस. शनिवारची रजा टाकून शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने पोशेऱ्याला, आपल्या पाड्यावर जायचीस, शनिवारी कांदे खणायचीस, पातळ काप करून राखेच्या पाण्यात उकळायचीस आणि ते काप टोपलीत घालून ओहोळात धारेखाली ठेवायचीस, वर दगड. रविवारी उजाडताना एक काप जिभेच्या टोकाला लावायचीस. चुरचुरलं तर टोपली परत पाण्यात. नाही चुरचुरलं तर टोपली डोक्यावर घेऊन रस्त्यावर जीपची वाट बघत उभी राहायचीस. जेवणघरात पोचायचे ते पांढरे, निथळलेले काप. राख कुणी पाहिली नाही, ओहोळ कुणी पाहिला नाही, तुझी जीभ तर नाहीच नाही. त्यांना वाटायचं कडूकांदा टोपलीतच उगवतो.

पंगत सुरू झाल्यावर काही वर्षांनी मी मोखाड्याच्या शाळेत लागले. मंडळात मला घेतलं तेव्हा तुला केवढा आनंद झाला होता. आपल्या पाड्यातली पहिली पोर त्या पत्रावळीवर बसणार होती. मला घेतलं कशाला, तर वही लिहायला. त्यांनी ठरवलं होतं की प्रत्येक पदार्थाची कृती नोंदवहीत शास्त्रशुद्ध उतरवायची, आणि तुझी बोली त्यांना निम्मी कळायची नाही. तू सांगायचीस, मी पुस्तकी मराठीत उतरवायची. अध्यक्ष म्हणजे ते कॉलेजचे सर. त्यांनी बजावलं होतं, आठ ओळींत बसवा आणि मोजता येईल तेवढंच लिहा.

त्याच्या पुढच्या वर्षी, भात कापणीच्या दिवसांत, तुला ताप आला आणि तू पोशेऱ्यालाच राहिलीस. पंगतीला ठाण्याचे पाहुणे यायचे होते. बाजारात कुणीतरी कडूकांदे विकायला आणले होते, ते घेऊन तिघं विद्वान शनिवारी तुझ्या स्वयंपाकघरात शिरले. कृती आहे की वहीत, म्हणाले. त्यांनी काप केले, राखेत उकळले आणि बादलीभर पाण्यात रात्रभर झाकून ठेवले. मी मोखाड्याहून निघाले खरी, पण जीप भरेना. ड्रायव्हर म्हणाला, ‘मॅडम, अजून चार पॅसेंजर होऊ द्या.’ चार पॅसेंजर होईस्तोवर जव्हारात जेवणं आटपली होती. मी पोचले तेव्हा सगळे ओट्यावर रांगेने बसून ओकत होते, पाहुण्यांसकट. डॉक्टरच ओकत होते, तर औषध कोण देणार? अध्यक्षांना तिघांनी धरून दवाखान्यात नेलं. मी आत गेले. चुलीशेजारच्या कट्ट्यावर वही उघडी होती. पानावर माझं अक्षर होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी तुला बोलावलं. पहिल्यांदाच तुला जेवणघरात बसायला खुर्ची दिली. तू तिच्या अगदी कडेला बसलीस, हात मांडीवर. अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं, ‘बाई, काप वाहत्या पाण्यात ठेवायचे असतात हे तुम्ही सांगितलं होतं का? नीट आठवून सांगा.’ मी तुझ्यासमोर, टेबलाच्या त्या बाजूला, वही घेऊन बसले होते. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. मी शाळेत जाताना केस नीट विंचरलेत का ते बघायचीस ना, तसं. मग त्यांच्याकडे वळून म्हणालीस, ‘माझाच सांगाया राहला असन, साहेब. इसरली असन.’ अध्यक्ष मोठ्या मनाने म्हणाले, ‘जाऊ द्या, माणूस आहे, विसरतो.’ सगळे हसले. तुला चहा दिला. पुढच्या महिन्यापासून पंगतीच्या स्वयंपाकाला दुसरी बाई आली.

तू विसरली नव्हतीस. तू मला तीनदा सांगितलं होतंस. आपण चुलीपाशी बसलो होतो, तू भाकरी थापत होतीस आणि मी मांडीवर वही घेऊन. ‘पानी वाहता पायजे. उभा पानी नाय चालं. रातभर धारंखाली, आन सकाळी जिभंला लावून बघ, जीभच सांगल.’ हे तुझे शब्द आहेत, आजही जसेच्या तसे आठवतात. मी लिहिलं, ‘काप रात्रभर पाण्यात ठेवणे.’ इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की सरांनी आठ ओळींची अट घातली म्हणून ते राहून गेलं. मंडळावर मी जी चिडते, त्यांची नक्कल करते, त्यांच्या नियमांना नावं ठेवते, त्यातली निम्मी चीड या एका अटीवर असते. पण वही मी परवा काढून पाहिली. त्या पानावर सहाच ओळी आहेत. खाली दोन ओळींची जागा कोरी आहे.

मला लाज वाटली होती, आये. त्या वहीत सगळं ग्रॅममध्ये आणि मिनिटांत होतं. त्यात ओहोळ, धार, दगड आणि जीभ लिहायची म्हणजे ते हसतील, म्हणतील बाईंची पोर शिकली पण पाड्यातली ती पाड्यातलीच राहिली. म्हणून मी ते गाळलं. पाणी वाहतं काय आणि उभं काय, पाणी ते पाणी, असं मला त्या वेळी खरंच वाटलं असेल का? मी तो कांदा लहानपणापासून खाल्ला होता. टोपलीवर दगड ठेवायला मीच यायचे तुझ्याबरोबर. मला माहीत होतं.

त्या रविवारी परत येताना जीपमध्ये तू खिडकीशी बसली होतीस. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणालीस, ‘गप. माझा काय, चूल हाय. तुझी नोकरी नवी हाय.’ नोकरी सरकारची होती, मंडळाचे लोक ती काढून घेऊ शकत नव्हते, हे तुला कसं कळावं, आणि मी तरी कुठे सांगितलं? पुढे दर वर्षी तू घरी कडूकांदा केलास, माझ्या ताटात वाढलास, आणि त्या दिवसाचा एक शब्दही काढला नाहीस. तू चिडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

आणि आता हे पुस्तक. प्रकरणाचं नाव ‘फसलेली मेजवानी’. तुझ्या तीन ओळी अशा आहेत: ‘फजितीचं कारण साधं होतं. स्वयंपाकीण बाई कृती सांगताना एक पायरी विसरल्या होत्या. अशिक्षितांच्या स्मरणावर विसंबू नये, लेखी नोंदच खरी, हा धडा पंगतीला त्या दिवशी मिळाला.’ लेखी नोंदच खरी म्हणे. तुझी जीभ जे दर पंगतीच्या रविवारी पहाटे तपासून घ्यायची, ते या वीस जणांनी एकदाही तपासलं नाही. जिभेला एक काप लावायची अक्कल एकाला सुचली नाही, आणि विसराळू कोण, तर तू. शिवाय हे पुस्तक शाळांच्या वाचनालयात वाटणार आहेत. माझ्या शाळेतही येईल. आपल्या पाड्यातल्या पोरी ते वाचतील.

काल संध्याकाळी मी लाल पेनाने त्या तिन्ही ओळींवर काट मारली. समासात लिहिलं, ‘बाईंनी ही पायरी सांगितली होती. नोंद करणाऱ्या व्यक्तीने ती गाळली.’ पान मोबाइलवर सचिवांना पाठवून दिलं आणि मला हलकं वाटलं. आज सकाळी शाळेत पोचले तोच त्यांचा फोन आला. तरुण आहेत, त्या वेळचं त्यांना काही माहीत नाही. म्हणाले, ‘मॅडम, फार महत्त्वाची दुरुस्ती आहे, घेतोच. फक्त नोंद कुणी केली होती त्यांचं नाव मिळालं तर बरं होईल. म्हणजे बाईंवर अन्याय राहणार नाही.’ समोर प्रार्थनेला पोरं उभी होती, घंटा झाली होती.

मी म्हटलं, ‘जुनी वही कुणाकडे आहे ते बघते आणि कळवते.’

वही माझ्याच कपाटात आहे, आये. तुझ्या लुगड्याखाली.