लवळ्याचा चढ

प्रिय दादास,

घरी सगळ्यांना जयभीम सांग, तुझ्या धम्मदीपाला पापा. हितं मुंद्र्याला बंदरात जहाजावर कंटेनर आवळून बांधायचं काम हाय. हात कामात, डोकं मोकळं, म्हणून तेच तेच आठवतं. सातवी सोडल्यापासून एवढं लांब कधी लिहिलं न्हाई, चुकलं तर सांभाळून घे.

मला काही उमगत न्हाई, दादा. फौजेत सुरुंगावर तुझे दोन्ही पाय गेले तवा तू दवाखान्यात रडला न्हाईस. घरी येऊन दोन वर्सं भिंतीकडं तोंड करून पडलास. मी तुला पाठकुळी घेऊन मोरीत न्यायचो. वहिनी म्हणायची दमशील, मी म्हणायचो दादा काय जड हाय का. मग फौजेतली माणसं ती हातानं फिरवायची तीनचाकी सायकल घेऊन आली. कंपन्यांच्या बसा सुरू व्हायच्या आत तू नेऱ्याच्या रस्त्याला लागायचास. तळहाताला फोड आले, ते सगळ्यांना दाखवत फिरलास. भाकरी करपली म्हणून वहिनीशी भांडलास, आन् आई पदर तोंडाला लावून हसली, भांडायला लागला म्हंजे पोरगा परत आला म्हणून. एक दिवस बघतो तर तू आपला सरकत सरकत मोरीत गेलेला, आतून कडी. मी बाहेर तांब्या धरून उभा. आनंद झाला व्हता, आईशप्पथ. पण तू बाहेर येईस्तवर तांब्या खाली ठेवला न्हाई.

मग ती जखमी जवानांची तीनचाकीची शर्यत. लवळ्याच्या चढावर कॉलेजची पोरं टाळ्या वाजवत व्हती. तू तिसरा व्हतास, मान खाली, दंड थरथरत व्हते. मी दोरी ओलांडून पळत आलो आन् मागनं हात लावला. तू वळला न्हाईस, एवढंच म्हणालास, “विक्या, हात काढ.” पंचांनी शिट्टी मारली, तुला बाद केलं. तू सायकलीवरच डोकं टेकून रडलास. पाय गेल्यावर न्हाई, तवा रडलास. दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता गाडी धरली.

आई फोनवर म्हणते, आपल्याकडं चढावर गाडी अडली की माणूस न विचारता खांदा लावतोच, आन् गर्दीत पोराला ऐकू गेलं नसंल. तूबी तसंच समजला असशील. पण तुझी गाडी अडली नव्हती, दादा. आन् मला ऐकू आलं व्हतं. ऐकूनबी मी आणखी चार पावलं ढकललं. का, ते मला अजून धड सांगता येत न्हाई. तू वर पोचला असतास, तर मी कुणाचा कोण, असं काहीतरी झालं मनात.

वहिनी सांगत व्हती, पुढल्या महिन्यात तीच शर्यत परत हाय, तू नाव दिलंयस. मला चार दिवस सुट्टी मिळतीय. आजवर तुला उचललं, बसवलं, ढकललं, पण कधी विचारलं न्हाई. आज विचारतोय. बघायला येऊ का? नको म्हणालास तर येणार न्हाई.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
तुझाच,
विकी