न्हाणीचं लोटलेलं कवाड

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याबद्दलचा एक संशय माझ्या मनातून गेलेला नाही. सून म्हणून संसार केला तुमच्या हाताखाली, भांडलेही पुष्कळ, पण हे विचारायचं राहूनच गेलं.

माझी लेक गंगापूरला, माझ्या माहेरी झाली. तिला घेऊन मी मुकुंदवाडीला आले, तेव्हापासून रोज सकाळी तुम्ही पोरीला माझ्या मांडीवरून उचलायच्या, न्हाणीत शिरायच्या आणि कवाड लोटून घ्यायच्या. तेल, कोमट पाणी, डाळीचं पीठ, एवढ्याला किती वेळ लागावा? माझा स्वयंपाक उरकत यायचा, तरी तुम्ही आतच. आणि आतून सारखी कुजबुज. तान्ह्या पोरीशी दाराआड काय बोलायचं असतं माणसाला? माझ्याच चहाड्या, दुसरं काय! एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणालात, "आमच्या दोघींचं हाय ते. तू भाकर बघ, करपायली." ताकाला तूर लागू दिली नाहीत.

वर्ष उलटलं तरी पोर बोलेना. शेजारची पोरं मामा-काका म्हणायला लागली, आमची नुसती टुकूटुकू बघायची. तुमचा लेक, म्हणजे माझा नवरा, आधीच मुलखाचा अबोल. पोर बापावर गेली, का मुकीच निपजली, ही धास्ती मला लागली. आणि खोटं कशाला बोलू, त्या न्हाणीतच काहीतरी होतंय असंही मनात यायचं. पाणी कुठंतरी मुरतंय खास.

शेवटी मी फटीला डोळा लावला. तुम्ही पाटावर पाय लांब करून बसलाय, पोर तुमच्या नडग्यांवर. एकेक बोट तेलानं चोळताय. "आज तुझ्या मायनं भाजीत मीठ लई टाकलं का न्हाय?" असं विचारता आणि थांबता. तांब्या हातात तसाच, डोळे तिच्या तोंडावर. पोर ओठ हलवते, "अं" करते. "व्हय? खारट झाली व्हती?" म्हणता, आणि मगच पाणी ओतता. पुन्हा विचारता, पुन्हा थांबता. म्हणजे चहाड्याच होत्या की हो!

मी कवाड ढकललं. "तिला काय कळतंय यातलं?" तुम्ही वर बघितलंही नाही. "निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली, त्या गडबडीत तुझ्या नवऱ्याला घेऊन बाजरीत लपलो व्हतो. हा एवढाच व्हता. रडाया लागला की मी तोंड दाबायची. चूप, चूप. गडबड मिटली, पर माझी ती सवय काय सुटंना. लई उशिरा बोलला बघ हा. हिचं म्हणणं ऐकल्याबिगर मी तांब्या उचलत न्हाय." मला रडू आलं. पण विश्वास? अर्धाच बसला. सासूची गोष्ट ती, पारखून घ्यावी.

मग एका दुपारी, तुम्ही ओट्यावर ज्वारी निवडत होता तेव्हा, मी पोरीला जवळ घेतलं आणि तुमच्यासारखंच विचारलं, "का गं, मीठ लई झालं का?" आणि थांबले. थांबणं किती अवघड असतं, बाई! पोर माझ्या तोंडाकडं बघत राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली, "व्हय." अगदी तुमच्या सुरात. पहिला शब्द, तोही माझ्या स्वयंपाकाविरुद्ध. मी तिला उराशी धरून हसत होते का रडत होते, मलाच कळेना.

आता पोरीच्या पाठीवर झालेल्या माझ्या लेकाची मुलगी आहे घरात. तिला मीच न्हाऊ घालते. सून बाहेर घुटमळते, विचारते, "आई, एवढा वेळ काय बोलता तिच्याशी?" मी म्हणते, आमच्या दोघींचं आहे ते.

तर संशय असा, की न्हाणीच्या त्या कवाडाला आतून चांगली कडी होती आणि तुम्ही ती कधीच लावली नाहीत. मी फटीतून बघावं म्हणूनच ना? आता हे विचारणारं पत्र पाठवायचं तरी कुठं? राहू दे पेटीत. एवढंच सांगते, मीही कडी लावत नाही.