दुखलं तर सांगायचं

मैलापूर, चेन्नई
१२ जुलै २००६

ती. शर्मिष्ठाताईस,
शि. सा. न. वि. वि.

गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आले, भिंतीला धरून का होईना, चालते आहे.

आमच्या डॉक्टर त्रिपुरसुंदरींनी आधीच समजावलं होतं की मॉर्फिनसारखी अफूच्या जातीची औषधं त्या शक्य तितकी कमी देतात. त्या औषधांनी मळमळतं, गुंगी राहते, उठायला उशीर होतो. त्याऐवजी जखमेपाशी बधिर करायचं इंजेक्शन, साध्या गोळ्या दुखायची वाट न पाहता ठरल्या वेळी, आणि लवकर चालणं. आमच्या ह्यांनी त्यातलं 'अफू' आणि 'कमी' एवढंच ऐकलं, आणि बँकेत काटकसरीचं परिपत्रक आल्यासारखे अंमलबजावणीला लागले. भेटायला येईल त्याला सांगत, आमची ही काही घेत नाही. वरच्या मजल्यावरचे तंजावरी हंबीरराव तर माझ्याऐवजी ह्यांचंच अभिनंदन करून गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र दुखणं आवरेना. नर्स इंजेक्शन घेऊन आली तर हे आडवे आले, सवय लागेल म्हणाले, आणि मला दीर्घ श्वास शिकवू लागले. डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, पोट कोणाचं कापलंय. औषध कमी करायचं ते दुखणं कमी करून, सोसायला लावून नव्हे, असं म्हणून थोडं मॉर्फिन दिलं. झोपले, संध्याकाळी व्हरांड्यात फिरले. पुन्हा लागलं नाही. आता हे सांगत असतात की मात्रा त्यांनीच सुचवली.

गोळीसारखं तुझं पत्रही वेळेवर येऊ दे.
तुझी विद्युलता

सांगली
२० जुलै

चि. सौ. विद्युलता हीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसले, मग दार लावून बसले. तुला कळवलं नव्हतं. मलाही हेच ऑपरेशन सांगून दोन वर्षं झाली. अंगावरून इतकं जातं की जिना चढताना धाप लागते. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. पण अडलंय ते माझ्याच भीतीने. दुखण्याची भीती, आणि दुखतंय म्हटलं तर लोक नावं ठेवतील याची. धाकटी म्हणून धीर देऊ नकोस. किती दुखतं, खरं लिही.

आशीर्वाद आहेतच, उत्तर तेवढं लवकर दे.
ताई

मैलापूर
२७ जुलै

ती. ताईस,
वाकता येत नाही, तेव्हा उभ्यानेच नमस्कार.

दुखतं. खोकलं तरी दुखतं, हसले तर जास्तच. म्हणून हंबीररावांना सध्या भेटत नाही. पण सांगितलं की ऐकणारं कोणी होतं, म्हणून निभावलं. तू डॉक्टरांना आधी विचार, दुखलं तर काय देणार, कधी देणार. मग दाखल हो.

माया आहे तशीच ठेव, भीती तेवढी सोड.
विद्युलता

सांगली
५ ऑगस्ट

चि. सौ. विद्युलता हीस,
अ. उ. आ.

विचारलं. डॉक्टर म्हणाले, हे कोणी विचारत नाही. मग बसून सगळं सांगितलं. सोमवारी दाखल होते.

सासूबाईंना सांगून टाकलं की दुखलं तर मी गप्प बसणार नाही. त्या बराच वेळ भाजी निवडत राहिल्या. मग हळूच विचारलं, मागितलं तर खरंच औषध देतात का. हो म्हटलं. त्या म्हणाल्या, आम्हांला कोणी दिलंच नाही गं.

तुझी
ताई