तीन मिलीची चोरी

सोमवार, ३ जून
आजपासून रोजनिशी नियमित. शुक्रवारी चाळीस प्राथमिक शिक्षकांना शिकवायचंय की पदार्थ कणांचा बनलेला असतो. साहेब स्वतः म्हणाले, हे जमलं तर मुख्य प्रशिक्षक तुम्हीच. बायकोने विचारलं, मार्गदर्शक पुस्तिका वाचली का. हिला अचानक माझ्या वाचनाची एवढी काळजी का? कण म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पुस्तिका उद्या.

मंगळवार, ४ जून
प्रयोगाची तालीम. पन्नास मिली पाण्यात पन्नास मिली स्पिरिट ओतलं. भरलं सत्त्याण्णव! तीन मिली गायब. दाराशी शिपाईमामा उभे. हसत होते. मनात पाल चुकचुकली.

बुधवार, ५ जून
दार आतून बंद, खोलीत मी एकटा. तरी सत्त्याण्णव. ओतताना एकदा शिंकलो होतो. तेवढ्यात कोणीतरी काम साधलं. खिडकी उघडीच होती.
नंतर काहीतरी निमित्त काढून मामांच्या तोंडाचा वास घेतला. खोकल्याच्या गोळीचा. साध्या माणसाला वास लपवायची गरज काय?
पुस्तिका राहिली. पहारा कोण देणार?

गुरुवार, ६ जून
साहेबांकडे मामांविरुद्ध लेखी तक्रार. म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर चोर पकडून देतो. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? साहेबही सामील नसतील ना?
बायकोने पुस्तिका उशाशी आणून ठेवली. हिचा डाव कळत नाही.

शुक्रवार, ७ जून
मामांना लांब भिंतीशी उभं केलं. ओतलं. सत्त्याण्णव. ओरडलो, कोणी जागचं हलू नका!
शेवटच्या बाकावरच्या बाई हलल्याच. म्हणाल्या, सर, पुन्हा करू, ओतायच्या आधी आणि नंतर वजन करून. केलं. वजन तेवढंच. म्हणाल्या, काहीच चोरीला गेलं नाही, पाण्याचे आणि स्पिरिटचे कण एकमेकांच्या मधल्या जागेत सामावले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुस्तिकेच्या तिसऱ्याच पानावर आहे म्हणे.
साहेबांनी खिशातून माझी तक्रार काढून मला परत दिली.

शनिवार, ८ जून
मुख्य प्रशिक्षक: शेवटच्या बाकावरच्या बाई. पुढच्या तुकडीत माझंही नाव आहे. शिकणाऱ्यांत.
मामांची माफी मागितली. फार लाज वाटली. बिचाऱ्यांचा खोकला अजून गेलेला नाही. त्यांनी मला चहा आणून दिला.
कप काठापर्यंत भरलेला नव्हता. प्रश्न अगदी ओठांवर आला होता. चहाबरोबर गिळला.