सासूबाई मालगाडीत बसल्या होत्या

शुक्रवार, नांदूरघाट

संध्याकाळी टीव्हीवर माहितीपट लागला होता. परदेशातल्या मंदीत घरी खायला नाही म्हणून पोरं मालगाड्यांवर चढून काम शोधत फिरायची. त्यात एक मुलगीही होती, केस कापून मुलगा झालेली.

"पोरी कुठं असं करत्यात का?" सासरे म्हणाले. सोसायटीचे चेअरमन ते, त्यांचा शब्द घरात कुणी खोडत नाही.

"मी केलतं," सासूबाई शेंगा फोडत म्हणाल्या. "दुष्काळात. परळीहून, थोरल्या बहिणीसंगं. केस कापून, भावाचा सदरा घालून."

केस कापून? सासूबाईंनी?

"भ्याव न्हाई वाटलं?" मी विचारलं.

"लई वाटलं. पण पुढं काय दिसंल म्हणून उतरूच वाटंना."

सासऱ्यांनी टीव्ही बंद केला. आता चिडणार, असं वाटलं. पण ते खुर्ची ओढून सासूबाईंजवळ बसले.

"मग? काय दिसलं पुढं?"

"परभणी."

सासऱ्यांना हसून हसून ठसका लागला. मग सासूबाई सांगतच सुटल्या: तिथं राहणाऱ्या मावशीनं ठेवून घेतलं, मातीकाम मिळालं, पाऊस झाल्यावर दोघी परत आल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं का? मी तरी कुठं विचारलं!

भाकऱ्या थापायच्या राहिल्या होत्या. पण तिथून मला उठवेना.